शेऱ्याचा रकाना

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

आजपासून डायरी. दर रविवारी ठाण्याला मॅनेजमेंटच्या वर्गाला जातो, तिथल्या सरांचा हुकूम आहे. ते म्हणाले, "निर्णय लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने वाटेल की तुम्ही नेहमीच बरोबर होता." सगळे हसले. मी वही विकत घेतली.

पहिल्या पानावर स्वतःची ओळख लिहायची, तीही तिसऱ्या माणसाला सांगितल्यासारखी. तर, मितेश, वय एकतीस, राहणार वळ, भिवंडीजवळ. वडिलांच्या भातशेतीवर आता गोदामं उभी आहेत. त्यातलं एक भाड्याने न देता मी स्वतःकडे ठेवलं आणि चार वर्षांपूर्वी आईच्या नावाने 'कमळा लॉजिस्टिक्स' काढली. लोकांनी ऑनलाइन मागवलेली पार्सलं आम्ही भिवंडीत आणि खाडीकडच्या गावांत घरपोच देतो. माणसं बासष्ट, टेम्पो अठरा. दोष: डोकं पटकन तापतं आणि सगळं लगेच हवं असतं. गुणांसाठी खाली जागा ठेवली आहे.

शनिवारी उन्नतीची हळद झाली, काल लग्न. एकुलती एक बहीण, त्यामुळे बाबांनी महिनाभर आधीच बजावलं होतं, "आपल्या पट्ट्यातला एकबी घर सुटायचा न्हाय." आमच्यात हळदीला कुणी सुटलं तर ते घर दहा वर्षं ऐकवतं. घरटी आमंत्रण द्यायला महिना गेला असता. मी ते काम चार दिवसांत उडवलं! धम्मदिना जेवायला गेली होती, तेव्हा तिच्या कॉम्प्युटरवर बसलो, कंपनीच्या यादीतून आपल्या गावांतली घरं निवडून काढली आणि पेन ड्राइव्ह भिवंडीत निजामपुऱ्यात मावसभाऊ प्रितेशच्या छपाईच्या दुकानात टाकला. पत्ते चिकटवलेली साडेआठ हजार पाकिटं तयार. टेम्पो त्या गावांत रोज जातातच. बाबा आठ दिवस माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

पाकिटांवर पत्त्याबरोबर शेरेही छापले गेले, ही गंमत वेगळीच. आमच्याकडे घरांना नंबर नाहीत, म्हणून धम्मदिनाने यादीत एक रकाना वाढवला: शेरा. पार्सल देणारे येऊन सांगतात आणि ती लिहून ठेवते. 'निळा दरवाजा.' 'कुत्रा आहे, आधी फोन करा.' 'दुपारी झोपतात, शेजारी द्या.' या रकान्यामुळे आमचं पार्सल सहसा परत येत नाही. हळदीत बाबांची आत्या, ठमाबाई आजी, आपलं पाकीट मांडवभर नाचवत होती. त्यावर छापलेलं: 'ठमाबाई, अंजूर, विहिरीमागे. बेल वाजत नाही, मोठ्याने हाक मारा.'

"मेल्या, अख्ख्या गावाला मना बहिरी ठरवलीस!"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज आमच्यावर हल्ला झाला! अक्षर वाकडं येतंय, पण भीतीने नाही. खरं सांगायचं तर मला असं कधीच वाटलं नव्हतं. परीक्षेत आपण तयारी केलेलाच प्रश्न आला की जसं होतं, तसं.

अकरा वाजता महादू रिकाम्या हाताने परत आला. महादू आमचा सगळ्यात जुना पार्सलवाला. अंजूरला एका बाईने त्याला दारातूनच हाकललं होतं. तिला सकाळी फोन आला होता: "कमळा लॉजिस्टिक्समधून बोलतोय. तुमच्याकडे कुत्रा आहे ना, म्हणून आमचा माणूस परत गेला. लिंकवर पाच रुपये भरा, उद्या पार्सल आणतो." कुत्रा खरोखरच आहे. मग फोन खोटा कसा वाटणार? तिने लिंक दाबली आणि खातं साफ झालं.

"बोलली, तुमचाच मानूस व्हता, त्याला सगला ठाव हाय," महादू म्हणाला. रागाने त्याचे कान लाल झाले होते.

दुपारपर्यंत असे सत्तावीस फोन कळले. म्हणजे यादी चोरीला गेली, तीही शेऱ्यासकट. वर्गात याच्यावर दोन रविवार खर्च झालेत. पहिला तास महत्त्वाचा. घबराट नको. एकच माणूस बोलेल. मी गोदामाला लागून असलेल्या आमच्या घरातल्या वरच्या खोलीतून सोफा बाहेर काढला, पांढरा फळा लावला आणि चार प्रश्न लिहिले: काय गेलं, किती गेलं, कुणाचं गेलं, कुठून गेलं? दारावर 'संकट कक्ष' असा कागद चिकटवला. आईने त्या खोलीत वाळत घातलेले पापड मी तिला उचलायला लावले म्हणून ती थोडी चिडली, पण फळा बघून म्हणाली, "मास्तर शोभतोस."

सायबर पोलिसांत तक्रार केली. सगळे पासवर्ड बदलले. शिवाय शेऱ्याचा रकाना सगळ्यांसाठी बंद केला. सुरक्षा म्हणजे सुरक्षा. धम्मदिना म्हणाली, "सर, उद्या पार्सलं कशी जातील?" मी म्हणालो, संकटात थोडा त्रास होणारच.

हे कुणी केलं असेल? रशिया? चीन? वळमधल्या माझ्या गोदामात चीनचा माणूस शिरतो, ही काय छोटी गोष्ट आहे का!

बुधवार, १२ फेब्रुवारी

आमच्या निम्म्याहून जास्त पार्सलं एका कपड्यांच्या कंपनीची असतात. तिथल्या रूपा मॅडमचा नऊ वाजता फोन आला. शुक्रवारी चार वाजता व्हिडिओवर बैठक. "काय झालं आणि कुणी केलं, ते सांगा. नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." बासष्ट माणसांची घरं या एका बैठकीवर आहेत. अशा वेळी घाबरायला हवं. मला मात्र धावत सुटावंसं वाटत होतं.

सरांची पद्धत: पाच वेळा 'का' विचारा. फळ्यावर लिहीत गेलो. लोक का फसले? फोनवाल्याला शेरा माहीत होता. का? त्याच्याकडे यादी होती. का? यादी कुणीतरी बाहेर काढली. का, म्हणजे कसं? कॉम्प्युटरवाल्याने नोंद काढून दिली: २७ जानेवारी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं, गेल्या सहा महिन्यांत यादी एकदाच उतरवली गेली. नाव: धम्मदिना.

चौथ्या 'का'लाच उत्तर मिळालं. पाचवा विचारायची गरजच पडली नाही. वर्गात सांगण्यासारखं झालं.

तिला बोलावलं. चार वर्षांपूर्वी आम्ही तिघेच होतो, मी, महादू आणि ती. पण सर म्हणतात, ओळख आणि चौकशी वेगळी ठेवा.

"२७ तारखेला यादी तू काढलीस?"

"नाही, सर."

"नोंद तुझ्या नावावर आहे."

"एक चाळीसला मी जेवायला असते. रोज."

"नोंद खोटं बोलत नाही, धम्मदिना."

ती रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. "मग मी जाऊ?" एवढंच बोलली. चौकशी होईपर्यंत सक्तीची रजा, असं मी सांगितलं. तिने पिशवीत डबा ठेवला, टेबलावरचा पेनांचा डबा सरळ केला आणि गेली. महादू तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेला.

बाबांना सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "पोर कामाची व्हती." मी म्हणालो, भावनेत अडकलो तर कंपनी बुडेल. हे वाक्य मला आवडलं, म्हणून लिहून ठेवतो. पण आज वाटाण्याची उसळ होती आणि ती मला गेली नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वाताहत. शेरे बंद असल्यामुळे अठराच्या अठरा टेम्पो गावागावांत भरकटत होते. वळमध्येच वळचा माणूस हरवला! महादू एका दारात अर्धा तास बेल वाजवत उभा, घरातली माणसं मागच्या अंगणात. संध्याकाळी निम्मी पार्सलं परत आली. शेरे चालू करायला गेलो तर यादी उघडेना. तिचा काय मेळ आहे तो धम्मदिनालाच माहीत.

साडेतीनला तिचाच फोन.

"सर, फोन कुणाकुणाला आले ते मी महादूकाकांकडून घेतलं. वळ आहे, अंजूर आहे, खाडीकडची सगळी गावं आहेत. भिवंडी शहरातला एकही नाही. आपली निम्मी गिऱ्हाइकं शहरातली आहेत."

"मग?"

"बाहेरच्या चोराने सगळी यादी उचलली असती. ही गावं कुणीतरी निवडलीत. या गावांशी ज्याचं काम होतं, त्याने."

मुद्दा चांगला होता. म्हणूनच मला राग आला. मी म्हणालो, तू रजेवर आहेस, चौकशी मी करतोय.

ती मग म्हणाली, "एकच विचारते. उन्नतीताईच्या पत्रिकेच्या पाकिटावर काय छापलं होतं? काका काहीतरी हसून सांगत होते. मी पाहिलं नाही. मला पाकीट आलं नव्हतं."

आता याचा इथे काय संबंध? कंपनी जळतेय आणि बाईसाहेब आमंत्रणावरून रुसल्यात! फोन ठेवला. उद्या चारला बैठक. निवेदन तयार आहे: 'एका कर्मचाऱ्याच्या लॉगिनमधून माहिती बाहेर गेली असून संबंधितावर तातडीने कारवाई केली आहे.' आरशासमोर तीनदा वाचलं. आवाज छान लागतोय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

ठमाबाई आजी रिक्षा करून अंजूरहून आली. तडक संकट कक्षात. हातात ते पाकीट.

"मितेश, मना फोन आला. बोलतय कसा, आजी तुमची बेल वाजत न्हाय, हाक मारली तरी कुनी आला न्हाय. मी बोलली, मेल्या, ह्यो तर माझ्या पाकिटावरचा हाय! उन्नतीच्या लग्नाचा पाकीट त्या चोराकडं कसा गेला?"

आणि तिने ते टेबलावर आपटलं.

मी लेबल वाचलं. परत वाचलं. मग फळ्याकडे बघितलं. २७ जानेवारी, एक चाळीस. धम्मदिना जेवायला गेली होती. खुर्चीत मी होतो. या वहीच्या पहिल्याच पानावर मी ते हसत हसत लिहून ठेवलंय! तीन दिवस रशिया आणि चीन शोधत होतो आणि चोरीची नोंद माझ्याच अक्षरात उशाशी होती. ते 'डेटा' आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, हळदीचं काम.

आजी म्हणाली, "तोंड का पडला? मी काय पैसे भरले न्हाय."

दुपारी एक

निजामपुऱ्यात जाऊन आलो. प्रितेशच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर, समोरच, फाइल: 'उन्नती हळद फायनल'. पत्ते, शेरे, फोन नंबर, सगळं. त्या कॉम्प्युटरवर दिवसभर कुणीही बसतं, झेरॉक्सवाले, निकाल बघणारे. प्रितेशने एका क्लासवाल्याला जाहिरातीसाठी ती फाइल स्वतःहून दिली. त्याच्याकडून पुढे कुठे गेली, ते त्याला ठाऊक नाही.

"अरे, पत्तेच तर आहेत! आमंत्रणाची यादी कधी कुणी लपवून ठेवतं काय?"

त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. गेल्या महिन्यात मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो. फाइल पुसली आणि सायबरवाल्यांना कळवलं.

आता खरं लिहितो, कारण वही त्यासाठीच आहे. निजामपुऱ्याहून परत येताना पाच मिनिटं माझ्या मनात आलं, नोंद तर तिच्या नावावर आहे. आजीला काय कळतंय. निवेदन तयार आहे. कंपनी वाचेल, बासष्ट घरं वाचतील. तिला सहा महिन्यांनी परत घेईन, पगार वाढवून. पाच मिनिटं हा हिशोब मला अगदी शहाणपणाचा वाटला. मग तिचं वाक्य आठवलं, मला पाकीट आलं नव्हतं. ती रुसली नव्हती. तिला कळलं होतं आणि तिने ते मला माझ्या तोंडाने म्हणायची संधी दिली होती. आणि बाबा म्हणाले होते, एक घर सुटायला नको. साडेआठ हजार घरं जिच्या यादीतून काढली, तिचंच घर सुटलं. मला लाज वाटली. 

संध्याकाळी सात

बैठक झाली. पडद्यावर पाच जण. रूपा मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या कर्मचाऱ्याने केलं का?"

"नाही. मी केलं. कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसून, तिला न सांगता. बहिणीच्या हळदीची आमंत्रणं पाठवायला."

मॅडम म्हणाल्या, "हळदीला किती लोक असतात तुमच्याकडे?"

"साडेआठ हजार पाकिटं होती."

एक जण हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पार्सलं आजपासून थांबवतेय. सोमवार संध्याकाळपर्यंत त्या प्रत्येक घराला खरं कळलं पाहिजे, मेसेज नको, तुमच्या नावाचे मेसेज आता कोण उघडणार? ज्यांचे पैसे गेले त्यांचं तुम्ही बघा. मग बोलू."

बैठक संपली आणि मी खुर्चीत बसून चक्क हसलो. काम हातचं जाईल कदाचित. पण तीन दिवसांनी पहिल्यांदा श्वास पुरता आत गेला.

तसाच धम्मदिनाकडे निघालो आणि मोटरसायकल सुरू केल्यावर लक्षात आलं की तिचं घर मला माहीत नाही. चार वर्षं. फोन केला. "निजामपुऱ्याच्या पुढे या, निळं पिंप दिसेल, तिथून उजवीकडे, जिन्याखालचा दरवाजा." दार तिच्या आजीने उघडलं, मीराबाई. आत वडील नागसेन पेपर वाचत होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बोला."

उभ्यानेच सगळं सांगितलं. माझी चूक, तिच्यावर आळ, मी सगळ्यांसमोर मागे घेणार. धम्मदिना ऐकत होती.

"मला काल दुपारीच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग सरळ का नाही बोललीस?"

"नोंद खोटं बोलत नाही, असं तुम्ही म्हणालात. मग मी बोलून काय झालं असतं?"

नागसेनकाकांनी पेपरची घडी घातली. "चार वर्षांत ती एक दिवस उशिरा गेली नाही. तुम्ही एका तासात घरी पाठवलीत. माफी मागायला आलात, बरं केलंत. पण परत यायचं की नाही, ते ती ठरवेल."

ती म्हणाली, "सोमवारपर्यंत साडेआठ हजार घरं? शेरे चालू केल्याशिवाय तुम्हाला शंभरही सापडणार नाहीत." आणि पिशवी घेऊन उठली. उद्या सकाळी सात वाजता.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तीन दिवस वही उघडायला वेळ नव्हता. काय तीन दिवस होते!

शनिवारी सकाळी गोदामासमोर सगळ्यांना उभं करून मी झालेलं सांगितलं. महादूने ऐकलं आणि धम्मदिनासाठी स्वतः खुर्ची आणून मांडली. तेवढ्यात बाबा आले. सदऱ्याला इस्त्री. "आमंत्रण टेम्पोनं धाडलास तिथंच चुकला. आमंत्रण घरटी द्याचा असतो. आता माफीबी घरटीच मागाची." आणि हळदीत नाचणारी सगळी भावकी त्यांनी मागे उभी केली होती. बायका, पोरी, उन्नतीचा नवरासुद्धा! एकशे चाळीस माणसं. धम्मदिनाने गावांचे गट पाडले, गल्ल्या वाटल्या, ज्याच्या त्याच्या हातात शेऱ्यांचा कागद दिला, त्यावर फोन नंबर एकही नाही. संध्याकाळी कागद मोजून परत घेतले आणि फाडले. मी फळ्यावर काही लिहायला गेलो तर ती म्हणाली, "सर, तुम्हाला अंजूर दिलंय. निघा."

मी फिरलो. निळा दरवाजा, विहिरीमागे, मोठ्याने हाक मारा. प्रत्येक दारात तेच, "तुमचा पत्ता माझ्या हातून बाहेर गेला. असा फोन आला तर लिंक दाबू नका, पैसे गेले असतील तर सांगा." काहींनी शिव्या दिल्या. मंगळवारच्या त्या बाईने कुत्र्याला सोडायची धमकी दिली आणि मग चहा केला. एका म्हाताऱ्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "हळदीत मटण कमी पडला व्हता, त्याची माफी कवा?"

आज पाच वाजून दहा मिनिटांनी शेवटचं घर झालं. गोदामासमोर हळदीसारखा बँजो नव्हता, एवढीच कमी. चौदा जणांचे पैसे गेले होते, ते बाबांनी भरून दिले आणि म्हणाले, हळदीच्या खर्चात धर.

गुरुवार, २० फेब्रुवारी

रूपा मॅडमचा फोन. निम्मं काम परत, उरलेलं तीन महिने बघून. त्यांनी काही घरी स्वतः फोन करून विचारलं होतं. "अशी माफी आम्ही पहिल्यांदाच पाहिली," म्हणाल्या. मी संकट कक्षात एकटाच नाचलो. आईने खालून विचारलं, काय पडलं?

यादीची किल्ली आता फक्त धम्मदिनाकडे. मला काही हवं असेल तर अर्ज करायचा, कारणासकट. कारण 'घरचं काम' असेल तर नामंजूर. मी सही केली.

संध्याकाळी ती गेल्यावर महादूच्या उद्याच्या पार्सलांच्या कागदात आमचंही घर दिसलं, आमच्याकडेही पार्सलं येतातच. मितेश, वळ, मारुतीच्या देवळासमोर. शेऱ्यात परवापर्यंत काही नव्हतं. आता लिहिलंय: 'माणूस बरा आहे. चूक दाखवली की ऐकतो, पण वेळ लागतो. यादी देऊ नये.'

या वहीच्या पहिल्या पानावर गुणांसाठी जागा ठेवली होती. तिथे तो शेरा जसाच्या तसा उतरवून काढला, शेवटच्या वाक्यासकट.